सोशल मीडिया कसा सुधारावा आणि मधल्या वेळात काय बघावं: नाटकाच्या पोस्टी लिहिणारीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात दोन नाट्यसंस्था आणि एका गायिकेची सोशल मीडियावरची पानं सांभाळते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत लोक मला तेच तेच विचारतात. दर वेळी तोंडी उत्तर देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. यापुढे विचारलंत तर हेच पाठवीन. राग मानू नका.

तुम्ही नक्की करता काय?

प्रयोगाच्या तारखा टाकते, फोटो निवडते, कमेंटींना उत्तरं देते, शिव्या खोडते. आईला वाटतं मी दिवसभर मोबाईलवर खेळते. ती अगदीच चुकीची आहे असं नाही.

मी तुमचं पान फॉलो करते, तरी प्रयोगाची पोस्ट मला प्रयोग होऊन गेल्यावर का दिसते?

हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा येतो, आणि विचारणाऱ्याचा सूर असा असतो की जणू मीच पोस्ट दडवून ठेवली होती.

झालंय असं. सुरुवातीला इन्स्टाग्रामवर पोस्टी टाकल्या त्या क्रमानं दिसायच्या, नवी वर, जुनी खाली. 2016 साली त्यांनी क्रम बदलला. तुम्ही कशावर किती वेळ थांबता, कुणाला उत्तर देता, यावरून यंत्र ठरवायला लागलं की तुम्हाला आधी काय दाखवायचं. लोकांनी बरीच ओरड केली. मग 2022 मध्ये 'फॉलोइंग' नावाची वेगळी यादी परत आली, तीत वेळेचा क्रम आहे. पण ती आपण होऊन उघडावी लागते. ॲप उघडलं की समोर येतं ते यंत्राचंच ताट.

फोटोला हे चालतं. कुणाच्या बाळाचं बारसं मला मंगळवारऐवजी शुक्रवारी दिसलं तर काही बिघडत नाही. नाटकाला मात्र रविवारी दुपारी साडेबाराची वेळ असते. सोमवारी सकाळी दिसलेली ती पोस्ट म्हणजे आदल्या दिवशीच्या पंगतीचं आमंत्रण. आणि गंमत म्हणजे त्या शिळ्या पोस्टखाली 'अरेरे, चुकलं!' अशा पंधरा कमेंटी येतात, मग यंत्राला वाटतं पोस्ट फारच लोकप्रिय आहे, म्हणून ते ती बुधवारी आणखी शंभर जणांना दाखवतं.

माझी सूचना साधी आहे. पोस्ट टाकताना एक चौकट असावी: 'ही अमुक तारखेला, अमुक वाजता शिळी होते.' त्या वेळेच्या आधी ती फॉलो करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी दिसावी आणि नंतर कुणालाही दिसू नये. पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींचं पान आठवा. तुम्हाला मागच्या वर्षी विनोदी नाटक आवडलं होतं म्हणून पेपरवाला गंभीर नाटकाची चौकट कापून टाकत नाही.

युरोपात याबाबत कायदाच आहे. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना ग्राहकाची माहिती न वापरता लावलेली एक तरी यादी द्यावी लागते. आपल्याकडे एवढं झालं आणि ती निवड दर वेळी आपोआप पुसली गेली नाही, तर माझं निम्मं काम हलकं होईल.

रात्री अकराला फोन हातात घेतला आणि बघते तर दीड वाजला होता. हे माझ्याच बाबतीत होतं का?

नाही. सगळ्यांच्याच. आणि त्यात तुमच्या स्वभावापेक्षा सुतारकामाचा भाग मोठा आहे.

पूर्वी पानाच्या तळाशी 'पुढचे पान' असं बटण असायचं. ते दाबायला बोट उचललं की क्षणभर विचार यायचा, खरंच पुढे बघायचंय का? 2006 च्या सुमारास अझा रास्किन नावाच्या माणसानं ते बटण काढून टाकणारी रचना बनवली. खाली सरकवत राहा, नवं येत राहतं. पुढे त्यानंच जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवला. पण वापरणाऱ्या कंपन्यांना पश्चात्ताप व्हायचं काही कारण नव्हतं.

मी नाटकवाली आहे, म्हणून मला हे जरा जास्तच खुपतं. आमच्याकडे तिसरी घंटा असते, मध्यंतर असतं, पडदा असतो. पडदा पडला की माणूस उठतो, चपला शोधतो, बाहेर येऊन शेजारच्याला विचारतो, 'काय, कसं वाटलं?' तो प्रश्न पडद्यामुळे येतो. ज्याला पडदाच नाही त्याबद्दल कधी बोलायचं?

इन्स्टाग्रामनं 2018 मध्ये असा पडदा लावून पाहिला होता. गेल्या दोन दिवसांतलं सगळं बघून झालं की हिरवी खूण यायची, 'तुमचं सगळं पाहून झालं.' मला ती खूण फार आवडायची. 2020 मध्ये त्याच खुणेच्या खाली 'सुचवलेल्या पोस्टी' सुरू झाल्या. म्हणजे पडदा पडतोय, आणि पडद्याच्या खालून पुढच्या नाटकाची माणसं रांगत बाहेर येतायत.

मला हवं ते एवढंच: ओळखीच्यांचं संपलं की थांबा. आणखी हवं असेल त्यानं बटण दाबावं. आणि तासाभरानं पंधरा मिनिटांचं सक्तीचं मध्यंतर ठेवलं तरी माझी हरकत नाही. (दुपारी एक ते चार सगळंच बंद ठेवावं, ही सूचना मला आतापर्यंत इतक्या जणांनी केली आहे की तिच्यावर हसणं मी सोडून दिलंय.)

लाइकचे आकडे लपवावेत का?

लपवावेत. फेसबुकवर लाइकचं बटण 2009 मध्ये आलं. इन्स्टाग्रामवर 2021 पासून हे आकडे लपवता येतात आणि मी ते लपवले आहेत. नटांना ते आवडत नाही. नटांना पुष्कळ गोष्टी आवडत नाहीत.

तुमच्या तालमीचा तो व्हिडिओ मध्येच का गायब झाला होता?

आता जरा बसून ऐका.

आमच्या तालमीच्या हॉलमध्ये पेटी वाजवणारे एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. एका संध्याकाळी नटमंडळी यायच्या आत त्यांनी सहज 'संगीत सौभद्र'मधलं एक पद धरलं. पाय दुमडून बसलेले, पेटीवर स्टीलचा चहाचा पेला, मागं पंख्याची घरघर. मी पंचेचाळीस सेकंद चित्रित केलं आणि टाकलं. दोन तासांत सूचना आली: हे गाणं अमुक संगीत कंपनीच्या मालकीचं आहे, आवाज बंद केला आहे.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, 'अण्णासाहेबांनी विकलं का काय?'

हिशोब बघा. 'सौभद्र' रंगभूमीवर आलं 1882 मध्ये. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे ही पदं कित्येक दशकांपूर्वीच सगळ्यांची झाली आहेत. त्या पदाची एखादी ध्वनिमुद्रिका कंपनीची असू शकते, तिचा हक्क वेगळा. पण काकांचा गळा, काकांची पेटी आणि आमचा पंखा यांच्यावर कंपनीचा हक्क कुठून आला?

यंत्र काय करतं, तर कंपनीनं दिलेल्या नमुन्याशी आवाजाचा ठसा जुळवून बघतं. चाल तीच, शब्द तेच, त्यामुळे ठसा जुळला. आपण हरकत घेतली की ती हरकत जाते कुणाकडे? दावा करणाऱ्या कंपनीकडेच. चोर पकडला आणि निकालही फिर्यादीनंच द्यायचा, अशी सोय. आमचा आवाज परत आला तोवर नाटकाचा शुभारंभ होऊन गेला होता.

सुधारणा सांगते. एक, हरकत घेतल्याबरोबर निकाल लागेपर्यंत व्हिडिओ चालू राहावा. दोन, जिच्यावरचे हक्क संपले आहेत अशा रचनांची यादी यंत्राला द्यावी. आपल्याकडची नाट्यपदं, अभंग, ओव्या, आरत्या एवढ्या तरी त्यात घालाव्यात. गणपतीत दहा दिवस हाच तमाशा पुन्हा होतो.

मराठीत लिहिलं की गोंधळ का होतो?

2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींच्या वर होते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं अभिजात दर्जाही दिला. तरी आमच्या छोट्या पोस्टला यंत्र खुशाल हिंदी समजतं.

भाषांतराचं बटण तर विनोदी नाटकाचा तयार पहिला अंक आहे. 'आम्ही नवीन नाटक बसवतोय' असं मी लिहिलं, त्याचं इंग्रजीत झालं की आम्ही एका नाटकाला खाली बसायला लावतोय. अमेरिकेतल्या एका चुलतभावाची बायको गुजराती आहे, तिनं मनापासून विचारलं, का, ते दमलंय का?

खरी अडचण मात्र हसण्यासारखी नाही. प्रयोगानंतर लोक कमेंटीत लिहितात, 'मेल्या, जीव घेतलास!', 'दुसऱ्या अंकात ठार मारलंस.' हे कौतुक आहे, त्याहून मोठं कौतुक नटाला मिळत नाही. यंत्राला त्यात हिंसा दिसते आणि कमेंट उडते. उलट एखादा मनुष्य शुद्ध प्रमाण मराठीत, एकही शिवी न वापरता, अभिनेत्रीबद्दल इतकं घाणेरडं लिहितो की वाचून पोटात ढवळतं. ते राहतं. कारण त्यात यादीतला एकही शब्द नसतो.

इथे यंत्राला आणखी शब्द शिकवून काही होणार नाही. मराठी घरात वाढलेली, पगारी माणसं बसवा. कोल्हापूरच्या माणसाची शिवी आणि त्याचं प्रेम यांतला फरक ज्याला ऐकू येतो, असा माणूस.

मग तक्रार केली तर कुणी वाचतं का?

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्यानं तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते. त्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर असतो, फक्त तिथं पोचेपर्यंत लक्ष्मी रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधल्यासारखं वाटतं. तरी शोधा. पोस्टखालचे तीन ठिपके दाबून केलेली तक्रार आणि अधिकाऱ्याला लिहिलेली तक्रार यांत फरक पडतो, हा माझा अनुभव. पैशाची फसवणूक झाली असेल तर आधी 1930 ला फोन करा, कंपनीला पत्र नंतर.

फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डचं काय करावं? (हा प्रश्न आत्यानं विचारला आहे. सर्वात जास्त फॉरवर्डही तीच पाठवते.)

आत्या, तुला फोनवर सांगितलं होतं, तरी लिहिते.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. ती माणसं भिक्षेकरी होती, आपल्याच राज्यातली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. 2020 मध्ये खूपदा फिरलेल्या संदेशाला एका वेळी एकच ठिकाण ठेवलं, आणि असे संदेश 70 टक्क्यांनी घटले असं कंपनीनंच सांगितलं.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण इथे कुणाचं तोंड बंद केलं नाही. कुणी काय लिहिलं ते वाचलंही नाही. फक्त उंबरा थोडा उंच केला. जिथे उंबरा असतो तिथे पाऊल उचलावं लागतं. बाकीच्या संकेतस्थळांनी हेच करावं: बातमी उघडून न बघता पुढे ढकलणाऱ्याला एकदा विचारावं, वाचलंत का?

आणि आत्या, हळदीच्या पाण्यानं मोतीबिंदू जात नाही.

ऑर्कुट बरं होतं, असं तुम्ही म्हणता ते केवळ वय झालं म्हणून?

थोडं तेही असेल. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. मी तिथं जुन्या मराठी सिनेमाच्या एका समूहाची व्यवस्था बघायची. जुन्या समूहाचा विषय ठरलेला असायचा. सिनेमाच्या समूहात राजकारण आणलं की दुसराच कुणी सदस्य म्हणायचा, 'अहो, ते पलीकडे.' आणि लोक पलीकडे जायचेही. आज पलीकडेच उरलं नाही, सगळं एकाच दिवाणखान्यात आहे. लग्नाचे फोटो, निवडणूक, रेसिपी, मयत.

शिवाय तिथं तुमच्याबद्दल कुणी 'टेस्टिमोनियल' लिहिलं तर तुम्ही मान्य केल्याशिवाय ते भिंतीवर लागत नसे. (आम्ही त्याचा उपयोग चोरून निरोप पाठवायला करायचो, खाली लिहायचं 'ॲक्सेप्ट करू नको'. एक-दोघांनी चुकून केलं. एकाचं लग्न झालं, एकाचं मोडलं.) माझ्या पानावर माझ्याबद्दल काय लागावं हे मी ठरवायचं, ही रीत परत आणा.

नाटक चालू असताना रील काढू दिलं तर तुमचीच प्रसिद्धी होईल ना?

नाही. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत भारतात रील्स सुरू झाले, आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या हातात तीस सेकंदांची फूटपट्टी आली. आमच्या नाटकात दुसऱ्या अंकात बाई खिडकीपाशी जाऊन जवळजवळ मिनिटभर काही बोलत नाही. प्रेक्षागृहात त्या मिनिटात खोकलासुद्धा थांबतो. तेच रीलमध्ये बघा, वाटेल फोन अडकला. आणि तुमच्या पडद्याचा उजेड मागच्या तीन रांगांच्या डोळ्यांत जातो. नमस्काराच्या वेळी काढा, भरपूर काढा.

बरं, तुमचं आवडतं काय? फक्त तक्रारीच करता.

अशोक सराफ. का, तर विनोदाच्या आधी ते जो अर्धा श्वास थांबतात त्यासाठी. 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा सिनेमा, आणि आजही आमच्याकडे परीक्षेपासून मेट्रोपर्यंत कशावरही मीम करायचं तर लोक त्याच सिनेमाकडे धाव घेतात. तो न पाहिलेली मुलंसुद्धा त्यातली वाक्यं बोलतात.

पण एक सांगा, ती वाक्यं लिहिली कुणी? दहा जणांना विचारलं तर नऊ जण नटांची नावं सांगतात. वसंत सबनीस हे नाव एखादाच घेतो. हे मला सगळ्यात लागतं. सिनेमात श्रेयनामावली असते, नाटकाच्या आधी पडद्यामागून घोषणा होते: लेखक, नेपथ्य, प्रकाश, संगीत. क्लिप कापली की पहिलं कापलं जातं ते हेच. ठसा जुळवून काकांचा आवाज बंद करता येतो, तर तोच ठसा जुळवून खाली एक ओळ का टाकता येऊ नये: सिनेमाचं नाव, साल, लेखक, दिग्दर्शक? तंत्र तेच आहे. माझ्या सगळ्या सूचनांमधली एकच मान्य करायची असेल तर ही करा.

बाकी आवडी: डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, 1953 पासूनचा, जिथे गाणं जमायला लागेपर्यंत थांबायची सवय लागते. प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम', मोबाईलवर नको, मोठ्या पडद्यावर संधी मिळाली तर. आणि पुरुषोत्तम करंडक.

पुरुषोत्तमला काय फक्त आरडाओरडाच असतो ना?

असतो. 1963 पासून कॉलेजची पोरं भरत नाट्य मंदिरात 'अरे, आवाज कुणाचा' म्हणून छप्पर उडवतायत. चाहत्यांची भांडणं बघायची तर तिथे बघावीत. पण एकांकिकेची घंटा झाली की तीच पोरं गप्प बसून शत्रूच्या कॉलेजचं नाटक बघतात. बघून झाल्यावर पुन्हा बोंब. ऑनलाइन चाहत्यांना शिव्या द्यायच्या असतील तर देऊ देत. पण आधी समोरच्याचा सिनेमा बघितल्याचा तिकिटाचा अर्धा तुकडा दाखवावा.

भाचा तेरा वर्षांचा आहे. त्याला खातं काढून द्यावं का?

ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्यांना बंदी केली आहे. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मी त्याला बालनाट्याच्या शिबिरात घातलं. तिथं त्याला झाडाचं काम मिळालं, तो खूश आहे.

या सूचना कंपन्यांना कळवल्यात का?

कळवल्या. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' इंग्रजीत आलं होतं, मी भाषांतराचं बटण दाबून बघितलं. त्यात 'मोलाचा' ऐवजी 'महाग' असं आलं.

रविवारच्या प्रयोगाची तिकिटं आहेत का?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि नेमकं याचंच उत्तर माझ्याकडे नसतं. नाट्यगृहाच्या खिडकीवर विचारा. दुपारी जाऊ नका, बंद असते.